शेवटच्या त्या नजरेसाठी

प्रश्न : 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) पाहिला. शेवट पाहून झोप उडाली. खरंच तसं घडलं होतं का?

उत्तर : घडलं, पण थोडं वेगळं. बॉनी आणि क्लाइड हे खरंखुरं दरोडेखोर जोडपं. २३ मे १९३४ ला अमेरिकेतल्या लुइझियानात सहा पोलीस त्यांच्यासाठी झुडपांत दबा धरून बसले होते. दोघंही गाडीतच होते, फोर्ड व्ही-८ मध्ये. बॉनी २३ वर्षांची, क्लाइड २५ चा. चित्रपटात मात्र क्लाइड खाली उतरलेला असतो, बॉनी आत बसलेली. दिग्दर्शक आर्थर पेननं हे अंतर ठेवलं म्हणूनच ती नजरानजर शक्य झाली, असं मला वाटतं.

तो क्षण पुन्हा बघा. झुडपातून पाखरं भुर्रकन उडतात, क्लाइड वळतो, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. क्षणभरच! पण दोघांनाही कळून चुकलेलं असतं. मग गोळ्या. वेगवेगळ्या गतीनं चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं ते दृश्य संकलक डीडी ॲलननं असं जोडलंय की मरण एकाच वेळी झटपट आणि संथ वाटतं. त्यानंतर संवाद नाहीत. मी अनेकदा पाहिलाय, दरवेळी घसा कोरडा पडतो.

चित्रपटात न आलेली एक गोष्ट सांगतो. १९३३ च्या मोटार अपघातात बॉनीचा पाय वाईट भाजला होता. पुढे ती लंगडतच चाले. कित्येकदा क्लाइड तिला उचलून नेई. त्यांच्या गुन्ह्यांत माणसं मेली, पोलीसही मेले, ते विसरू नका. पण हा तपशील कळल्यापासून ती नजर मला आणखी जड वाटते.