वाचकांचे प्रश्न : आधी लेयर पाडा, मग कार्टून हलवा

मागच्या अंकात घरच्या घरी छोटी कार्टून फिल्म कशी करायची यावर लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. बहुतेकांची अडचण एकच दिसतेय, चित्र छान काढलंय पण ते हलवायचं कसं. त्यातले काही इथे घेतोय. (लेयर म्हणजे पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, आणि फ्रेम म्हणजे फिल्ममधलं एकेक चित्र.)

प्रश्न : नमस्कार, मी शाळेत चित्रकला शिकवते, चित्रं जिंप या चित्रकलेच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढते. एका आजीची दीड मिनिटाची गोष्ट करायचीय, ती दादरला लेडीज डब्यात चढते, खिडकी मिळते, बाजूच्या मुलीशी बोलते, एवढंच. एक लेयर म्हणजे एक फ्रेम असं धरून गिफ बनवायला घेतली पण थोड्याच सेकंदात लेयरचा ढीग झाला, लॅपटॉप हँग व्हायला लागला आणि आवाज कुठे घालायचा तेही कळेना. जिंप सोडून दुसरं काहीतरी शिकू का? – लालबागहून एक शिक्षिका

उत्तर : ताई, जिंप सोडू नका. तुमचा हात बसलाय त्याच्यावर, तीच तुमची जमेची बाजू आहे. फक्त त्याच्याकडून हलवायचं काम काढून घ्या. हिशोब बघा, सेकंदाला 12 चित्रं धरली तरी दीड मिनिटाला 1080 चित्रं होतात, आणि गिफमध्ये आवाज बसतच नाही, वर एका फ्रेमला 256 च रंग. डोळ्यांची उघडझाप वगैरे बघायला जिंपचा प्लेबॅक ठीक आहे, लेयरच्या नावापुढे कंसात मिलिसेकंद लिहिले की तेवढा वेळ ती फ्रेम थांबते, पण त्याच्यापुढे नको.

जिंपमध्ये आजीचे सुटे भाग काढायचे आणि ते ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन हलवायचे, असं करा. हे टून्झ मूळचं इटलीतलं, जपानच्या घिब्ली स्टुडिओने वर्षानुवर्षं वापरलेलं, आणि 2016 पासून सगळ्यांना फुकट. पीएसडी, म्हणजे लेयर सुटे ठेवणारी फोटोशॉपची फाइल, ते थेट उघडतं, आणि जिंपमधून पीएसडी एक्सपोर्ट करता येते, म्हणजे दोघांची गाठ तिथे पडते. फाइल लोड करताना ते विचारतं की अख्खं एक चित्र म्हणून घेऊ, लेयरच्या फ्रेम करू, की लेयरचे कॉलम करू. तुमचं निम्मं काम या एका प्रश्नात आहे. आजीचं अंग, म्हणजे डोकं, धड, दंड, हात, पिशवी, ही एक फाइल करा आणि ती कॉलम म्हणून घ्या, प्रत्येक भाग वेगळा हलतो. तोंडाचे आणि डोळ्यांचे वेगवेगळे आकार दुसऱ्या दोन फाइलींत ठेवा आणि त्या फ्रेम म्हणून घ्या, मग एकाच जागी आकार बदलत राहतात. नंतर हात दंडाला, दंड धडाला, तोंड आणि डोळे डोक्याला जोडले की मान वळली तरी तोंड जागच्या जागी राहतं.

पण कागदावर आधी ठरवा की आजीचं नेमकं काय काय हलणार आहे. बसलेली असेल तर पाय सुटे करण्यात वेळ घालवू नका, नऊवारीचा घोळ एकसंध ठेवा, तो थोडा हलवायचा असेल तर ओपनटून्झमधलं प्लास्टिक टूल चित्रावर जाळी टाकून वाकवतं, तेवढं पुरतं. पिशवी मात्र नक्की सुटी ठेवा, डब्यात चढताना आधी अंग पुढे जातं आणि पिशवी मागून झोका घेत येते, त्या एका झोक्याने आजीला वजन येतं, मला तरी कार्टूनमधलं हेच सगळ्यात आवडतं.

एक्सपोर्टच्या आधी लेयर मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) अप्लाय करून टाका, अक्षरांच्या लेयरचं साधं चित्र करून घ्या, मल्टिप्लायसारखे लेयर एकमेकांत मिसळायचे मोड पलीकडे तसेच दिसतील असं धरू नका. मूळ फाइल जिंपच्याच एक्ससीएफमध्ये वेगळी ठेवा. आणि एकदा फाइल ओपनटून्झमध्ये नेली की लेयरचा क्रम आणि नावं बदलू नका, साडीचा रंग हवा तेवढा बदला.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे. माझ्या बॉलरचा हात कोपरात वाकवला की फट दिसते, नाहीतर कोपरावर काळी रेघ येते. काय करू? – भांडुपहून एक वाचक

उत्तर : तू हात सरळ रेषेत कापला असणार, म्हणून असं होतंय. पुठ्ठ्याच्या बाहुलीचे हात दोऱ्याने ओवताना दोन्ही तुकडे एकमेकांवर थोडे चढवतात ना, तसंच इथे करायचं. दंडाचं खालचं टोक आणि हाताचं वरचं टोक दोन्ही गोल काढ, दोन्ही गोल सारख्याच मापाचे, आणि बरोब्बर एकावर एक. फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या मध्यावर ठेव, तो जरा जरी सरकला तरी हात वाकताना लांब झाल्यासारखा दिसतो.

आता ती काळी रेघ. हाताची बाह्यरेषा गोलावरून दंडाच्या आत जाते तेवढीच पुसायची, खाली रंग तसाच ठेवायचा. तरी दिसली तर कातडीच्या रंगाचा, रेघ नसलेला एक छोटा गोल वेगळ्या लेयरवर काढून कोपरावर ठेव आणि हाताला जोड. दंड, हात, तो गोल, तिघांचा रंग कलर पिकरने एकाच ठिकाणाहून उचल, नजरेने जुळवायला जाऊ नकोस.

आणि हात वेगळा कापलास की त्याच्यामागे शर्टाचा जो भाग झाकला गेला होता तोही रंगवून पुरा कर. बॉलिंग टाकताना हात पूर्ण वर जातो, तेव्हा मागे भोक दिसलं तर सगळी मजा जाते. तसंही बॉलिंगची ॲक्शन पूर्णपणे सुट्या भागांवर होत नाही, चेंडू सुटायच्या आसपासच्या दोन-तीन फ्रेम हाताने नवीन काढ, पुसट, ताणलेल्या, आणि तेवढ्यापुरता सुटा हात लपव.

प्रश्न : आमचा नाटकाचा ग्रुप आहे, आवाज रेकॉर्ड करून तयार आहेत. पण मराठी बोलताना ओठ कसे हलवायचे? इंटरनेटवरचे तोंडांचे सगळे तक्ते इंग्रजीचे आहेत. – गिरगावहून एक वाचक

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मराठीची वर्णमाला तोंडाच्या जागेवरूनच लावलेली आहे, निम्मा तक्ता आपण शाळेतच पाठ केलाय. प, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, ओष्ठ्य म्हणजे तेच. हे मिटणं चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही प्रेक्षकाला ते खोटं वाटतं, आणि हे जमलं तर बाकीचं थोडं सैल असलं तरी चालून जातं. फ आणि व ला वरचे दात खालच्या ओठाजवळ. आ ला जबडा खाली, इ आणि ए ला ओठ ताणलेले, ओ ला गोल, उ ला छोटा चंबू. त, द, न, ल, स, च या सगळ्यांना मिळून एकच आकार पुरतो, ओठ थोडे उघडे आणि दात दिसतात असा. म्हणजे सात तोंडं झाली.

‘मामा, पाव आणा’ हे वाक्य घ्या. मिटलेलं, आ, मिटलेलं, आ, परत मिटलेलं, आ, मग व चं दात-ओठ, आ, ण ला दात दिसणारी फट, आणि शेवटी आ. आरशासमोर एकदा म्हणून बघा, लगेच कळेल. ओठ मिटण्याची फ्रेम आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा कारण माणूस आधी ओठ मिटतो आणि मग म उमटतो. भरभर बोलताना प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, ओठ मिटणं आणि मोठे स्वर तेवढे पकडा, नाहीतर तोंड नुसतं फडफडतं.

आपोआप करायचं असेल तर रुबार्ब नावाचं फुकट टूल आहे, सहा मूळ आकार आणि तीन जादाचे. ते इंग्रजी धरून चालतं, त्यामुळे त्याला फोनेटिक पद्धतीवर ठेवा, मग भाषा न बघता नुसत्या आवाजावरून अंदाज घेतं. ओपनटून्झमधूनच निघालेल्या ताहोमा टूडीमध्ये ते जोडलेलंच येतं. तरीही प-ब-भ-म हाताने तपासाच, तुमच्यासारख्या नाटकवाल्यांना ते कानाने लगेच पकडता येईल.

प्रश्न : ट्रेनच्या खिडकीबाहेरचं दृश्य सतत पळताना दाखवायचंय. केवढं लांब चित्र काढू? – डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : लांब नको, जोडणारं काढा. फ्रेमच्या दुप्पट रुंद, म्हणजे 1920 ची फ्रेम असेल तर 3840 पिक्सेल, आणि जिंपमध्ये लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममध्ये ऑफसेट आहे, तिथे रुंदीच्या निम्मं सरकवा, गुंडाळून दुसऱ्या बाजूने येईल असं ठेवून. दोन्ही कडा मधोमध येऊन भेटतात, जोड दिसतो तो रंगवून बुजवा, झालं, आता हे चित्र एकापुढे एक कितीही लावा. असे तीन लेयर करा. रुळाशेजारचे खांब सगळ्यात जोरात पळतात, इमारती त्याहून हळू, आणि मुंब्र्याजवळ दिसतो तसा लांबचा डोंगर जेमतेम सरकतो. तिन्ही पट्ट्यांची रुंदी थोडी वेगवेगळी ठेवा म्हणजे तोच खांब त्याच इमारतीसमोर परत परत येत नाही. पाऊस दाखवायचा तर काचेवरचे थेंब चौथ्या लेयरवर, पण ते खिडकीला चिकटलेले, बाहेरच्या चित्राबरोबर सरकवू नका.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅम. जमेल का? – विरारहून एक वाचक

उत्तर : जमेल. ब्लेंडरसारखं जड थ्रीडी सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. एका फाइलमध्ये एकच सीन करा. बॅकग्राउंड काढून झालं की त्याचे सगळे लेयर एकत्र करून एकच पीएनजी न्या, जे हलतंय तेवढंच सुटं ठेवा. काम करताना प्रिव्ह्यू निम्म्या साइजवर चालवा.

आणि शेवटचा व्हिडिओ थेट एमपीफोरमध्ये रेंडर करू नका, पीएनजीच्या क्रमवार फ्रेम काढा. मध्येच लाइट गेली किंवा मशीन बंद पडलं तर 400 व्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं, एमपीफोर अर्धवट राहिली तर बहुतेक वेळा उघडतच नाही. सगळ्या फ्रेम झाल्या की केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या इमेज सिक्वेन्स म्हणून घ्या, आवाज खालच्या ट्रॅकवर लावा. फ्रेम रेट मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवा, इकडे 24 आणि तिकडे 25 झालं तर मिनिटभराने ओठ आणि आवाज दोन सेकंदांहून जास्त सुटलेले असतात.