अँटिबॉडी बनतच नाहीत म्हणतात, मग भावाला न्यूमोनियाची लस कशाला टोचली?

त्याचं रक्षण व्हावं म्हणून नाही, तपासणी म्हणून टोचली आहे. तुम्ही लिहिलंय की भावाला सारखा सायनस आणि न्यूमोनिया होतो, आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) कमी आलंय आणि लसीनंतर चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. 'हा प्रयोग तर नाही ना?' ही तुमची शंका. मला स्वतःला सीव्हीआयडी (शरीर पुरेशा अँटिबॉडी बनवत नाही असा आजार) आहे, ठाण्यातच राहतो, मीही यातून गेलोय. प्रयोग नाही, जगभर असंच तपासतात.

आयजीजीचा आकडा फक्त साठा दाखवतो. किडनीतून किंवा आतड्यातून प्रथिनं वाहून जात असतील, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल, तरी साठा घटतो. कारखाना चालू आहे का, हे पाहायला त्याला नवी ऑर्डरच द्यावी लागते. म्हणून लसीआधी एकदा रक्त आणि नंतर एकदा.

यात लस कुठली, हे महत्त्वाचं. धनुर्वाताची लस प्रथिनाची. तिला उत्तर देताना बी पेशींना, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना, टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशींची मदत मिळते. न्यूमोकोकसची 23 प्रकारांची लस मात्र जंतूच्या शर्करेच्या आवरणापासून बनते, तिथे बी पेशींना बरंचसं एकट्यानेच निभवावं लागतं. काही जण पहिलीत पास होतात, दुसरीत नापास. त्यातल्या काहींचं एकूण आयजीजी तर नॉर्मलही असतं! लहान मुलांना देतात ती कॉन्ज्युगेट लस शर्करा प्रथिनाला जोडून केलेली असते, म्हणून बी पेशी एकट्याने निभवतात का, हे तिने कळत नाही. तेव्हा कुठली टोचली, ते कार्डावर नीट लिहून घेतलंय ना बघा.

दुसरं रक्त देईपर्यंत आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या तयार अँटिबॉडी) सुरू झालं नाही तर बरं. ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, म्हणजे रिपोर्टमध्ये त्यांच्याच अँटिबॉडी दिसतील. पण इन्फेक्शन जोरात असेल आणि डॉक्टर आजच सुरू करू म्हणाले, तर वाद घालू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. आपल्याकडे ताप आला की विडाल (अँटिबॉडी बघून टायफॉइड शोधणारी रक्ततपासणी) ठरलेलीच. अँटिबॉडी न बनवणाऱ्या माणसाची विडाल निगेटिव्ह आली, तर त्यावरून टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही. ब्लड कल्चर मागा. डेंग्यूला एनएस1, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसची शंका असेल तर पीसीआर. थोडक्यात, जंतूच शोधणारी तपासणी. माझ्या एक्स-रेवरचे डाग बघून थुंकीत काही नसताना टीबीचा कोर्स दिला गेला होता. असं ऐकिवात येतं ते उगीच नाही.

निदान पक्कं होईपर्यंत जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूची) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात लहान बाळ असेल तर त्याच्या पोलिओच्या थेंबांबद्दलही विचारा, कारण थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो.

बी पेशींची मोजणी सांगितली तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे या आजारांवरच काम चालतं. जाताना जुने एलएफटीचे (लिव्हरच्या तपासणीचे) रिपोर्टही न्या. एकूण प्रथिनातून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन उरतं, आणि ते किती वर्षांपासून कमी आहे, हे त्या कागदांवरून डॉक्टरांना कळेल.