वाटाणे सोलतोय, पाटी कधी धरणार?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. जूनपासून विशेष मुलांच्या बालवाडीत जातो. आठ महिने झाले, पण तिथल्या ताई अजून पाटी-पेन्सिल हातात देत नाहीत. वाटाणे सोलायला लावतात, कणकेचे गोळे करायला लावतात, चपला जोडीनं ठेवायला लावतात. सासूबाई म्हणतात, हेच करायचं तर घरी काय वाईट होतं? मला ताईंशी भांडायचं नाही. पण त्यांचं काम नेमकं काय आणि आम्ही त्यांना काय विचारावं, ते कळत नाही.
— एक आई, संगमनेर

उत्तर : आधी वाटाण्याचंच बोलू.

शेंग एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिची शिवण दाबायची, ती उघडली की एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा. दोन हात दोन वेगळी कामं करतात, अंगठा आणि पहिलं बोट समोरासमोर येतात, नजर हातावर टिकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू ढिले असतात, सांधे सैल असतात. आज घाईनं पेन्सिल दिलीत तर तो ती मुठीत आवळेल, चार रेघांत हात दमेल आणि पाटी ढकलून देईल. एकदा ढकललेली पाटी पुन्हा जवळ आणायला सहा-सहा महिने जातात, हे मी विशेष शिक्षिका म्हणून चोवीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी वेळा पाहिलं आहे. तुमच्या ताई त्याचा पेन्सिल धरायचा हातच घडवताहेत.

पण हे त्यांनी तुम्हाला जूनमध्येच सांगायला हवं होतं. तिथे त्या चुकल्या, असं मी स्पष्ट म्हणेन. आमच्या कामातला निम्मा भाग घरच्यांशी बोलण्याचा आहे. मूल बालवाडीत तीन तास असतं, उरलेला दिवस तुमच्याकडे. मी काय करते आणि का करते हे आईला ठाऊक नसेल, तर सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत पुसलं जातं.

चड्डी घालण्याचंच घ्या. आम्ही ते उलटीकडून शिकवतो. पाय घालणं, गुडघ्यापर्यंत चढवणं, मांडीपर्यंत आणणं, सगळं ताई करते आणि कमरेवरचा शेवटचा ओढा तेवढा मुलावर सोडते. त्याचं काम छोटं, पण पूर्ण करणारा तोच. तो त्याला जमला की मांडीपासून ओढायला द्यायचं, मग गुडघ्यापासून. घरी मात्र रिक्षा दारात उभी असते आणि आई एका झटक्यात चड्डी चढवून मोकळी होते. मी तुम्हाला दोष देत नाही, सकाळची घाई मलाही माहीत आहे. निदान रविवारी शेवटचा ओढा त्याचा त्याला घेऊ द्या.

आता ताईंना काय विचारायचं ते सांगते. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा लिहून ठेवणं ही विशेष शिक्षिकेची जबाबदारी आहे. तो बघायला मागा. त्यात ‘हाताची कौशल्यं सुधारणे’ असं मोघम लिहिलेलं असेल तर समाधान मानू नका. ‘मार्चअखेर, दहापैकी आठ वेळा, मदतीशिवाय शेंग उघडेल’ असं हवं. मग नोंदी बघा. तारीख, किती वेळा जमलं, कुठे हात धरावा लागला. दर तीन महिन्यांनी तुम्हाला समोर बसवून त्या उलगडून दाखवायला हव्यात. जमेना झालं तर पायरी आणखी लहान करायची, मुलाला ‘हट्टी’ म्हणायचं नाही.

हा शब्द मी एकदा वापरला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, डाऊन सिंड्रोम असलेल्याच एका मुलीबद्दल. हाक मारली की बघायची नाही, गोष्टीच्या वेळी उठून जायची. वहीत मी ‘हट्टीपणा’ असं लिहीत राहिले. पाच महिन्यांनी तिच्या मामानं सर्दीसाठी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की पडद्यामागे पाणी साठलं होतं, तिला नीट ऐकूच येत नव्हतं. या मुलांमध्ये हे फार आढळतं आणि मला ते शिकवलेलं होतं. तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला पहिल्याच दिवशी विचारते : कान कधी तपासले, डोळे कधी, थायरॉइडची रक्ततपासणी कधी झाली? तुमच्या लेकाचं यातलं काही राहिलं असेल तर पाटीच्या आधी ते करा. अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासतं, २०१३ पासून ही सोय आहे. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी मिळते. त्या केंद्राला डीईआयसी म्हणतात. आणखी एक : काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांट्या उड्या नकोत. हे ताईंना माहीत आहे ना, तेही विचारा.

त्यांचं काम काय नाही, तेही सांगते. निदान करणं, औषध सुचवणं, ‘सहावीपर्यंत सगळं सुरळीत होईल’ असं वचन देणं. असं वचन देणाऱ्या व्यक्तीपासून जपून राहा. विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, १९९२ चा तसा कायदा आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही, मला कुणी विचारला तर मी आनंदानं दाखवते.

बोलण्याविषयी तुम्ही लिहिलं नाहीत, पण साडेचार वर्षांचा आहे म्हणून सांगते. ही मुलं बोलतात त्याहून कितीतरी जास्त समजतात. ताई पाणी, अजून, झालं यांच्या खुणा शिकवत असतील तर घरीही त्याच वापरा. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट राग आणि रडणं कमी होतं.

सहा वर्षं पूर्ण होतील तेव्हा नेहमीच्या शाळेचा प्रश्न येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तुमच्या पसंतीनं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आत्ताच काढून ठेवा. पहिलीच्या बाईंना मुलाची ओळख करून देणारं एक पानभर पत्र लिहून देणं हेही तुमच्या ताईंचंच काम आहे : काय जमतं, कशानं घाबरतो, शू लागली की काय खूण करतो.

सासूबाईंना एक दिवस वर्गात घेऊन जा, ताईंची परवानगी काढून. माझ्या वर्गात एक आजी अशाच रागानं आल्या होत्या. नातवानं डब्याचं झाकण स्वतः उघडताना पाहिलं आणि घरी गेल्यावर सगळ्यांना बजावलं, याचा डबा कुणी उघडायचा नाही.

वाटाण्याचा मोसम संपत येईल. मग पावट्याच्या किंवा घेवड्याच्या शेंगा द्या. सोललेले दाणे आपल्या वाटीत घ्या, तोंडात जाऊ देऊ नका, घशात अडकतात. भुईमुगाच्या शेंगा मात्र इतक्यात नकोत.