अंग बाहेर येण्याचं (म्हणजे गर्भाशय योनीतून खाली सरकण्याचं) ऑपरेशन ठरलंय, आधी काय तयारी करावी?

सगळ्यात आधी बद्धकोष्ठाकडे बघा. बायका हेच सांगायला लाजतात, आणि ऑपरेशननंतर संडासला जोर लावला की ताण थेट टाक्यांवर येतो. पाणी, तंतुमय आहार आणि लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध आतापासूनच सुरू करा. जुना खोकला असेल तर त्यावरही उपचार घ्या. तंबाखू-सिगारेट बंद, त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, काढे, सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. मनानं काहीही बंद करू नका. पाळी गेलेली असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम कधी कधी आधी देतात. अंग आत धरून ठेवायला योनीत रिंग बसवलेली असेल तर ती कधी काढायची ते विचारा.

दोन प्रश्न मात्र विचाराच: गर्भाशय काढणार की ठेवून वर बांधणार? आणि नंतर खोकताना लघवी गळू लागेल का? खाली आलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असतो, त्यामुळे आधी न दिसलेली गळती दुरुस्तीनंतर दिसू शकते.

घरची सोयही आधीच लावा. साधारण 6 आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नाही. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. शरीरसंबंधही डॉक्टर सांगेपर्यंत नकोत. उपाशी किती तास राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील.