गुरू ग्रहाच्या फोटोची कच्ची फाइल उघडली तर नुसत्या राखाडी पट्ट्या दिसतात. फाइल बिघडली आहे का?

वडोदऱ्याच्या मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यामागे गुरूचा सहा फुटी फ्लेक्स लावायचाय आणि नासाच्या जूनो यानाच्या साइटवरून फाइल घेतलीय, असं तुम्ही लिहिलंय. फाइल धडधाकट आहे. फोटो अजून जोडायचा राहिलाय, एवढंच.

जूनो स्वतःभोवती मिनिटाला साधारण दोन फेऱ्या मारत असतं. त्यावरचा जूनोकॅम हा कॅमेरा अख्खा फोटो एकदम घेत नाही. सेन्सरवर रंगीत फिल्टरच्या अरुंद पट्ट्या चिकटवलेल्या आहेत आणि यान फिरेल तसा गुरू त्यांच्यासमोरून सरकतो. दर ०.३७ सेकंदाला एक क्लिक. तुमच्या फाइलची रुंदी १६४८ पिक्सेल असेल. ती वरून १२८-१२८ ओळींवर कापत जा: पहिली पट्टी निळी, दुसरी हिरवी, तिसरी लाल, मग पुन्हा निळी. प्रत्येक पट्टी राखाडीच दिसणार, कारण तिच्यात एकाच रंगाचा उजेड मोजलेला असतो.

आता जोडणी. एका रंगाच्या पट्ट्या घ्या आणि पुढची पट्टी आधीच्यापासून ११५ ओळींवर ठेवा. १३ ओळी एकमेकींवर चढतील. तिन्ही रंगांचे असे तीन थर करा आणि शेजारच्या रंगाचा थर १५५ ओळींनी सरकवा. ढगांच्या कडा जुळत नसतील तर बहुधा दिशा उलटी धरलीय, उणेच्या जागी अधिक करून बघा. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये हाताने जमतं, पण ८० पट्ट्या असतील तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दहा-पंधरा ओळी लिहिलेल्या परवडतात.

एवढ्यावर रंगीत गुरू दिसेल, पण वाकडा, मध्ये चिमटलेला. गुरूच्या अगदी जवळून जाताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर असतो, म्हणजे एका फेरीत ते दीड हजार किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. शेवटची पट्टी वेगळ्याच जागेवरून घेतलेली असते. हे सुधारायला नासाचे स्पाइस कर्नल, म्हणजे यान कोणत्या क्षणी कुठे आणि कुठल्या दिशेला होतं हे सांगणाऱ्या फाइली, लागतात. तिथे हमखास फसायला होतं ते वेळेत: फाइलसोबत दिलेल्या सुरुवातीच्या वेळेत ६१.८८ मिलिसेकंद आणि दोन क्लिकमधल्या अंतरात १ मिलिसेकंद मिळवावा लागतो. पहिली दुरुस्ती विसरलात तर चित्र १९ पिक्सेल सरकतं.

निळा थर अंधुक असतो, त्याचा उजळपणा सगळ्यात जास्त वाढवा. खरा गुरू दुधाळ, तपकिरी झाक असलेला आहे. इंटरनेटवरचे गर्द निळे भोवरे रंग ताणून काढलेले असतात. देखाव्याला थोडं ताणलं तर माझी हरकत नाही, फक्त खाली तसं लिहा.

फाइल निवडताना नोव्हेंबर २०२३ च्या टाळा. गुरूच्या किरणोत्साराने तेव्हा कॅमेरा इतका बिघडला होता की जवळपास सगळ्या फोटोंत रेघा आणि दाणे आहेत. पुढे कॅमेरा तापवून तो बराच सुधारला आणि ३० डिसेंबरला आयो या चंद्राचे फोटो चांगले आले.

सहा फुटांवर साधारण १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम २२. दहा-बारा फुटांवरून चालून जाईल. लोक अगदी जवळून बघणार असतील तर फ्लेक्स तीन फुटी करा.