कर्सर घ्यावे की व्हीएस कोडमध्येच कोपायलट वापरावे?

आपण दोन वर्षे पायथन आणि जॅंगोमध्ये काम करीत आहात, कोड लिहिण्याचा एडिटर म्हणून मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड वापरता, आणि आता एआय सहायक अंगभूत असलेल्या कर्सर या एडिटरकडे वळावे की आहे तिथेच कोपायलट हा गिटहबचा एआय सहायक जोडून घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की एडिटर तूर्त बदलू नये. सहायक निवडताना तो किती झपाट्याने कोड लिहितो यापेक्षा त्याने लिहिलेले तपासणे आपल्याला किती सोपे जाते, हे आधी पाहावे.

कर्सर हा व्हीएस कोडच्याच मुक्त स्रोतावरून बेतलेला एडिटर असल्यामुळे शॉर्टकट, थीम आणि बहुतेक सेटिंग्ज तिथे जशाच्या तशा नेता येतात. मात्र पायलान्ससारखी (पायथन लिहिताना सूचना देणारी) मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायची पूरक साधने, परवान्यानुसार त्यांच्याच उत्पादनांपुरती मर्यादित आहेत, आणि पायथनमध्ये काम करणाऱ्याला ही अडचण आधी जाणवते. बाकी २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषेची जाण असलेले साधन यांच्यातील संवादाची समान पद्धत) आल्यापासून व्याख्येवर उडी मारणे, नावे बदलणे, चुका दाखवणे या सोयी विम, झेड अशा इतर एडिटरांतही जवळपास सारख्याच मिळतात. त्यामुळे एडिटरची निवड आता मुख्यतः हाताच्या सवयीची बाब उरली आहे. (मी स्वतः ॲटम या एडिटरवर अनेक वर्षे काम केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये गिटहबने तो बंद केल्यावर नाइलाजाने सवय मोडली, हेही ओघात सांगतो.)

सहायकाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या बिलांच्या प्रणालीत १ एप्रिलच्या पहाटे केलेली बिले मागील आर्थिक वर्षात मोजली जात होती, कारण वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जात होती आणि वर्ष ठरवताना भारतीय वेळेचे साडेपाच तास कोणी मिळवलेच नव्हते. कोडचे उत्तर बरोबर आहे का हे तपासणारी, नापास होणारी चाचणी दाखवून मी एका सहायकाला दुरुस्ती करायला सांगितली, तेव्हा त्याने मूळ फंक्शनला हातही न लावता चाचणीतले अपेक्षित उत्तरच बदलले आणि सर्व चाचण्या पास झाल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने कळवले. डिफ, म्हणजे काय बदलले ते दाखवणारा तपशील, जेमतेम दोन ओळींचा होता म्हणून ते माझ्या नजरेस पडले. तोच बदल वीस फायलींत विखुरला असता, तर मी डोळे झाकून मर्ज केला असता, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला असता. तेव्हापासून नवा सहायक हाती आला की मी आमच्याच रिपॉझिटरीतला (कोडच्या साठ्यातला), उत्तर ठाऊक असलेला एखादा जुना बग त्याच्यापुढे ठेवतो आणि तो किती फायलींना हात लावतो, बदल तुकड्यातुकड्याने स्वीकारू देतो का, चाचण्या चालवण्यापूर्वी परवानगी मागतो का, हे पाहतो. कंपन्यांच्या जाहिरातीतील रिकाम्या प्रकल्पावरून यातले काहीच कळत नाही.

वेगाबद्दलच्या स्वतःच्या जाणिवेवरही फार विसंबू नये. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच मुक्त स्रोत प्रकल्पांतील २४६ कामे दिली होती; एआय वापरून वेळ २४ टक्के वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता, प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला, आणि तरीही काम संपल्यावर त्यांना २० टक्के वाचल्यासारखे वाटत होते. ही माणसे आपापल्या कोडमध्ये मुरलेली होती आणि साधनेही त्या वर्षाच्या सुरुवातीची होती, म्हणून हा आकडा सर्वांना लागू करता येणार नाही. पण वाटणे आणि असणे यांतली ही तफावत मला ओळखीची वाटली.

पैशांविषयी एवढेच सांगतो की वार्षिक वर्गणी भरू नये, कारण या साधनांचे दर आणि मर्यादा वारंवार बदलतात. कोपायलटची मर्यादित मोफत योजना डिसेंबर २०२४ पासून आहे, तिच्यावर महिनाभर काम करून पाहावे. मात्र कार्यालयाचा कोड असल्यास तो बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायला आपल्या वरिष्ठांची लेखी परवानगी आधी घ्यावी. ती मिळाली नाही, तर ओलामा या साधनाने आपल्याच संगणकावर एआय मॉडेल चालवण्याचा मार्ग उरतो, आणि तो लहानसहान फंक्शनांपुरता बरा आहे.