मेडिकलला 'सब ठीक है' म्हणू देऊ नका

ताई, तुमचे फौजेतले मिस्टर सुट्टीवर आलेत, रात्री तीन-तीनदा उठून कडी बघतात, कुकरच्या शिट्टीला दचकतात आणि दोन महिन्यांवर आलेल्या डिस्चार्जच्या, म्हणजे फौज सोडतानाच्या मेडिकल तपासणीला यातलं काही सांगणार नाही म्हणतात. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही.

आमचे हे १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला होते, २००४ ला पेन्शन आले. झोप, दारू, दिवाळीत फटाके वाजले की गोठ्यात जाऊन बसणं, यावर लिहीत नाही. ते तुम्ही बघताच आहात.

मला सांगायचंय ते त्या मेडिकलबद्दल. त्या रिलीज मेडिकलला यांनी काही त्रास नाही असं सांगून सही केली. सांगायला मीच लावलं होतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बाहेर सिक्युरिटीची नोकरी मिळायची नाही, भावकी वेडा म्हणेल, ही भीती. 'शेप वन', म्हणजे पूर्ण फिट, आलं म्हणून मी पेढे वाटले. त्या 'शेप'मधलं पहिलं अक्षर मनाच्या तब्येतीचं असतं, हे मला सात वर्षांनी कळलं.

तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयानक प्रसंगांचा मनावर राहिलेला आघात, असं लिहून दिलं होतं आणि मी डिसॅबिलिटी पेन्शनसाठी, म्हणजे नोकरीमुळे झालेल्या आजाराच्या पेन्शनसाठी फिरत होते. सगळीकडे एकच प्रश्न, नोकरीत असतानाची नोंद कुठाय? एका कार्यालयाने अर्ज चौदा महिने ठेवून घेतला आणि 'कागद अपुरे' म्हणून परत पाठवला. हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हातपाय तर धड आहेत की." ते मी घरी यांना कधीच सांगितलं नाही.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण आत्ताच, युनिटात असतानाच, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सांगायला लावा. मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाची नोंद होऊ दे आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला धरमवीर सिंग प्रकरणात म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच आजारामुळे जवान बाहेर पडला, तर तो नोकरीमुळे झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. पण आजार कागदावर असेल तरच ना! २०२३ ला या पेन्शनचे नियमही बदललेत, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, जाणकाराला विचारा.

उपचारांना मात्र डिसॅबिलिटी पेन्शन लागत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड झालं की त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल (तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी) घ्या. देवऋषाकडे पैसे घालू नका, आम्ही घातलेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही मराठीत बोलता येतं, फुकट आहे. मी स्वतः दोन वाजता लावलाय.

आणि झोपेत ओरडले तर अंगाला हात लावून उठवू नका. दाराशी उभं राहून नावाने हाक मारा. यांनी एकदा माझा गळा धरला होता. जाग आली तेव्हा माझ्याआधी तेच रडले.

मेडिकलची तारीख कळली की इथेच लिहा, कागद कुठले मागायचे ते सांगते.